उलटं जाळं

"शेंडा वर, गोळ्या खाली. बाकी काय कळलं न्हाई तरी चालंल, पन एवढं ध्यानात ठेव."

आत्याबाईंनी माझ्या हातातलं ओलं जाळं हिसकावून घेतलं ते इतक्या जोरात, की शिशाच्या दोन-चार गोळ्या माझ्या मनगटावर आपटल्या. लग्न होऊन चौथाच दिवस होता. नवी सून काहीतरी कामाची आहे हे दाखवावं म्हणून मी अंगणात पडलेलं जाळं उचललं आणि दारापुढच्या खांबाला अडकवायला गेले होते. फेकायचं जाळं घागऱ्यासारखं असतं. वर निमुळता शेंडा, खाली मोठा घेर आणि घेराला ओळीनं शिशाच्या गोळ्या. मला घेर हाताशी आला म्हणून मी घेराकडूनच उचललं. जाळ्यालाही वर आणि खाली असतं, हे मला कुठून ठाऊक असणार?

"वाळायचं तर कसंबी वाळंल की," मी म्हणाले. एकोणीस वर्षांची होते आणि जिभेला लगाम नव्हता.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, ठकूबाई. त्यांनी जाळं सरळ केलं, शेंडा खांबाच्या बेचक्यात अडकवला आणि गोळ्या खाली सोडल्या. त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं, रागानं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी सांगून टाकलं की आजपासून जाळ्याला हात लावायचा नाही.

मी बार्शीची. आम्हीही भोईच, पण भट्टीचे. तापलेल्या वाळूत हरभरे टाकायचे, झाऱ्यानं हलवायचे, फुटाणे चाळून बाजारात न्यायचे. मासा म्हणजे कधीमधी ताटात येणारी वस्तू आणि पाणी म्हणजे घरामागचा आड. नदी अशी मी पहिल्यांदा बघितली ती लग्नाच्या दिवशी, आणि बघूनच दोन पावलं मागं सरले. सासरचे सगळे पाण्याचे भोई. भीमेच्या काठावर, गावापासून अर्ध्या कोसावर त्यांचा सतरा घरांचा वाडा आणि प्रत्येक घरापुढं नदीकडे तोंड करून एक खांब. मांडवातच त्यांनी थट्टा सुरू केली होती, की आता जालिंदरच्या घरी मासेही वाळूत भाजून मिळणार.

जालिंदर म्हणजे आमचे मालक. नाव इथं एकदाच घेते. घरात आम्ही तिघंच. सासरे जाऊन सोळा वर्षं झाली होती. मालक आठ वर्षांचे असताना नदीला अवचित पूर आला, त्यात ते गेले आणि वाड्यातले आणखी दोघे गेले. यापलीकडे ती गोष्ट आमच्या घरात कोणी काढत नसे, आणि आत्याबाईंसमोर तर नाहीच.

उलट्या जाळ्याचा अर्थ मला माघात कळला. शेजारच्या गयाबाईचे म्हातारे सासरे सकाळी झोपेतच गेले. रडारड सुरू व्हायच्या आधी गयाबाई बाहेर आली, तिनं खांबावरचं जाळं काढलं आणि उलटं टांगलं, घेर वर आणि शेंडा खाली. नदीत नऊ-दहा होड्या होत्या, पार पलीकडच्या काठापर्यंत पांगलेल्या. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. एकानं मान वर केली आणि वल्ह्यानं होडीवर ठोका दिला. तो ऐकून पुढच्यानं दिला. थोड्या वेळात सगळ्या होड्या काठाकडे वळल्या. लावलेली जाळी त्यांनी होती तशी पाण्यात सोडली होती. कोणी ओरडलं नाही, कोणी काही विचारलं नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर गयाबाईनं मला सगळं समजावून सांगितलं. पाण्यावरच्या माणसाला काठावरून हाक मारायची नाही. मारली तरी तो ओ देत नाही, मानही वळवत नाही. डोह ओळखीच्या आवाजात हाक मारतो आणि ओ दिली की ओढून नेतो, अशी या लोकांची पक्की समजूत. हात हलवावा, तर पलीकडे जायचं असलेलं माणूस होडी बोलवायला दिवसभर हात हलवतच असतं. तेव्हा काठावरून जाणारा निरोप एकच, खांबावरचं जाळं. ते उलटं दिसलं की त्या घरात माणूस गेलं असं समजायचं आणि हातातलं टाकून यायचं.

"आन कुनी खोटंच टांगलं तर?" मी विचारलं.

गयाबाईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "तसलं बोलू बी नगंस. उलटं जाळं रिकामं ऱ्हात न्हाई. वरसाच्या आत त्या घरातलं एक मानूस घेतंय."

तिनं आणखी एक सांगितलं. फार पूर्वी वाड्यातल्या एकीनं नवऱ्याशी भांडून रागाच्या भरात जाळं उलटं टांगलं होतं. तिला त्याच दिवशी माहेरी पोचवून आले, ती पुन्हा नदी बघायला आली नाही.

मग मला आत्याबाईंचे थरथरणारे हात आठवले आणि त्यांचा राग पटला. बिचारीला वाटलं असेल, चार दिवसांची सून आणि निघाली घरावर मरण टांगायला. त्यानंतर मी जाळ्याच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही.

ती गोष्ट घडली त्यानंतरच्याच भाद्रपदात. गौरी जाऊन चार दिवस झाले होते. बाजाराचा दिवस, त्यामुळे बायका पाट्या घेऊन सकाळीच बाजाराला गेल्या होत्या. मला पाचवा महिना लागलेला आणि आत्याबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून आम्ही दोघी घरी. बाकी वाड्यात काय, तर दोन म्हाताऱ्या आणि अंगणात खेळणारी पोरं.

पुरुष सगळे म्हसोबाच्या खडकावर होते. खडक म्हणजे नदीच्या मधोमध वर येणारा काळा कातळ. पाणी उतरलं की तो उघडा पडतो आणि त्याच्यातल्या कुंडांमध्ये मरळ आणि वाम अडकून राहतात. होड्या खालच्या अंगाला बांधायच्या आणि कातळावर उतरून कुंडं उपसायची, ही त्यांची आवडती मासेमारी. चौदा जण गेले होते, मालकही. ऊन लख्ख पडलं होतं. आमच्याकडे पंधरा दिवस थेंब नव्हता. पाऊस होता तो तिकडं वर, घाटात.

दुपारी एकच्या सुमारास कोतवालाची सायकल आली. तो खाली उतरलाच नाही. एक पाय टेकून, धापा टाकत तो सांगायला लागला की वरच्या धरणाचं पाणी सुटलंय आणि सकाळीच वरच्या पुलाला लागलंय. "तासाभरात हितं येतंय. होड्या काढा म्हनावं, खाली बी सांगायचंय मला," असं म्हणून त्यानं पायंडल मारलं आणि पुढच्या वस्तीला गेला. होड्या सगळ्या खडकाला बांधलेल्या होत्या हे त्याला कुठून कळणार?

मी पदर खोचला आणि काठावर धावले. पोटाचं भान नव्हतं. घसा फुटेपर्यंत हाका मारल्या, पण वारा समोरून होता आणि ऐकू गेलं असतं तरी कोणी ओ देणार नव्हतं. घरातली पितळी आणून बडवली. मग पदर सोडवून तो हलवला. तेवढ्यात मालकांनी मान वर केली आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्यांनी दोन्ही हात पसरले. एवढा. मग आणखी पसरले. मासा किती मोठा सापडला ते मला दाखवत होते. वर हसत होते, एवढ्या लांबून दात दिसले मला. मी वेड्यासारखी हात हलवत राहिले आणि त्यांनीही आनंदानं हात हलवला, मग पुन्हा खाली वाकून कामाला लागले.

मला पोहता येत नव्हतं. काठाला होडी नव्हती, आणि असती तरी मी ती वल्हवू शकले नसते. पोरं लहान, म्हाताऱ्या आंधळ्या. मागे वळून बघितलं तर आत्याबाई दारात उभ्या होत्या. पितळीचा आवाज ऐकून आल्या असाव्यात. मी धापा टाकत कोतवालाचा निरोप सांगितला आणि विचारलं, "आत्याबाई, काय करू?"

त्यांनी खडकाकडे बघितलं. मग खांबाकडे बघितलं. खांबावर मालकांचं जुनं जाळं वाळत होतं, शेंडा वर, गोळ्या खाली. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"मला इचारू नगंस," त्या म्हणाल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

आयुष्यात कोणाचा इतका राग आला नसेल, जितका त्या बंद दाराचा आला. पोटचा पोरगा तिकडं खडकावर आणि ही बाई दार लावून बसते. पण रागावायलाही वेळ नव्हता. जाळं समोर होतं आणि मला त्याचा अर्थ माहीत होता.

आता एक गोष्ट सांगते, जी मी कोणाला सांगितलेली नाही. मी आधी आमच्या खांबाकडे गेले नाही. पलीकडे सोपानतात्यांचा खांब होता. तात्या वाड्यात सगळ्यांत वडील, सत्तरीचे, त्यांचा शब्द शेवटचा. बायको जाऊन दहा वर्षं झालेली, पिकलं पान. जाळं माणूस घेणारच असेल तर तिथलं घेऊ दे, असं माझ्या मनात आलं. मी जाऊन त्यांच्या जाळ्याला हात घातला. घातला आणि तो हात मलाच बघवेना. माझ्या लग्नात त्यांनी मामासारखं माझ्या बाजूनं उभं राहून अंतरपाट धरला होता. मी हात काढून घेतला आणि आमच्या खांबापाशी आले.

जाळं अजून ओलं होतं, जड होतं. शेंडा बेचक्यातून काढला. घेर गोळा करून वर उचलला, तर गोळ्यांच्या वजनानं तो सारखा घसरून खाली यायचा. दोनदा आला. मग मी सरपणाची सुंभाची दोरी आणली, घेर बेचक्यात दाबून धरला आणि तीन गाठी मारल्या, भट्टीवर पोत्याचं तोंड बांधायचो तशा. गाठी मारताना म्हणत होते, घ्यायचं तर मला घे. मग पोटातलं आठवलं आणि तेही म्हणवेना. शेवटी म्हणाले, कोणालाच घेऊ नको, तुला चौदा मिळत होते ते मी नेते आहे, त्याचं काय ते नंतर बघू. नदीशी एवढी घासाघीस कोणी केली नसेल.

आणि खांबाला धरून उभी राहिले.

कोणी बघेना. कुंडात वाकलेल्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग एक पाठ सरळ झाली. तो माणूस कमरेवर हात ठेवून नुसता उभा होता, मग त्यानं काठाकडे बघितलं आणि होडीपाशी जाऊन तिच्यावर ठोका दिला. तो ठोका मला ऐकू आला. एकेक पाठ सरळ होत गेली. जाळी कातळावर पसरलेली, पाट्या भरलेल्या, सगळं टाकून ते होड्यांत बसले. मालकांची होडी पुढं होती. खांब त्यांचा होता आणि घरात होतं कोण, तर आई आणि मी. मला तर ते उभी बघत होते. म्हणजे त्यांच्या लेखी कोण गेलं होतं हे सांगायला नको.

होडी टेकायच्या आधीच त्यांनी कमरेइतक्या पाण्यात उडी टाकली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आई" म्हणून जो हंबरडा फोडला, तो आजही माझ्या कानात आहे. ते दाराशी पोचले आणि दार आतून उघडलं. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. मालक त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांचे पाय धरून तिथंच खाली बसले.

तोवर बाकीचे वर आले. सोपानतात्या सगळ्यांच्या पुढं. "कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुनी न्हाई, तात्या. पानी येतंय. कोतवाल सांगून गेला."

सगळ्यांनी वळून नदीकडे बघितलं. नदी उन्हात निवांत पडली होती. खडक काळाभोर कोरडा, त्याच्यावर त्यांची जाळी आणि पाट्या. कोणीतरी म्हणालं, इथं तर ढगही नाही. मग एकेक नजर फिरून खांबावर आली. तात्यांनी आवाज न चढवता विचारलं, "जाळं कुनी टांगलं?"

मी तोंड उघडलं. म्हणणार होते, मी टांगलं, जाणूनबुजून टांगलं. माहेरी पोचवायचं तर पोचवा, पण आधी होड्या वर ओढा. एवढ्यात आत्याबाई पुढं आल्या आणि त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"कोन टांगनार? ही आमची फुटानेवाली," त्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "वाळूत वाढलेली पोर. वर काय, खाली काय, तिला काय कळतंय? ल्हानपनापास्नं जाळं बघितलंय का हिच्या बानं? वाळत घालाय गेली आन चुकून उलटं घातलं. आल्याच्या चौथ्या दिवशी बी असंच घालत व्हती, मी हिसकावलं म्हनून. ईचारा की तिला."

दंड त्यांनी सोडला नव्हता.

"चुकून?" तात्यांनी विचारलं.

"चुकून," आत्याबाई म्हणाल्या.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून होय म्हणाले. ते खांबापाशी गेले. थोडा वेळ वर बघत उभे राहिले. मग हात वर करून त्यांनी जाळं सोडवायला घेतलं. त्यांना जरा वेळ लागला. शेवटी जाळं खाली आलं, त्यांनी ते स्वतः सरळ करून टांगलं, दोरी गुंडाळून आपल्या बंडीच्या खिशात घातली आणि वळून म्हणाले, "चूक झाली पोरीची. चुकीचं जाळं मोजत न्हाईत. होड्या वर घ्या."

होड्या वर ओढून होतात न होतात तोच आधी वास आला. ओल्या मातीचा, कुजक्या पाल्याचा. मग काठावरचे बगळे एकदम उठले. मग आवाज, लांबून जातं फिरावं तसा. आणि वळणावरून पाणी आलं. उंच भिंतबिंत नव्हती, नुसतं तांबडं, फेसाळलेलं पाणी चढत येत होतं आणि त्यात अख्खी बाभळ मुळांसकट गरगरत होती. खडकाच्या खालच्या कडा गेल्या. पाट्या तरंगल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग कातळाचा माथा राहिला, घोंगडीएवढा. मग तोही गेला.

चौदा माणसं काठावर उभी राहून ते बघत होती. कोणीतरी नाव घेऊन मोजायला लागलं आणि मध्येच थांबलं, कारण सगळे इथंच होते. मालक माझ्याजवळ येऊन उभे राहिले. चारचौघांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता, त्या दिवशी धरला, आणि कोणी चेष्टा केली नाही. तसा त्यांचा तळहात ओला आणि खवल्यांनी भरलेला होता, पण मी सोडला नाही. बाजार करून आलेल्या बायकांनी आधी पाण्याकडे बघून ऊर बडवायला सुरुवात केली आणि मग आपापला माणूस समोर दिसल्यावर त्याच्यावरच ओरडायला घेतलं, की जाळी कुठं टाकून आलात. तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी हसलं. मग सगळेच हसायला लागले, ते थांबेनात.

सांज झाली तशी आत्याबाई तेलाची वाटी घेऊन माझ्याजवळ बसल्या. दंडावर चिमट्याचा काळानिळा डाग उठला होता. त्यावर तेल चोळत त्या म्हणाल्या, "दुखतंय?"

मी म्हणाले, "दुखतंय तर."

"तुला ठावं व्हतं. गयानं सांगितलं व्हतं ना समदं?"

"व्हय."

"म्या आत गेले ती भिऊन न्हाई गेले. दारात ऱ्हायले असते तर मला तुला धरावं लागलं असतं. डोळ्यांनी बघून गप कशी बसनार? म्हनून दार लावून घेतलं आन भिंतीकडं तोंड करून बसले."

दिवसभर ज्या दाराला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, ते दार असं होतं. मग त्या खाली बघतच बोलायला लागल्या. सोळा वर्षांपूर्वीही असाच निरोप आला होता. असंच ऊन होतं आणि पुरुष याच खडकावर होते.

"ह्याच खांबापाशी उभी व्हते. जाळं काढलं व्हतं, घेराकडनं धरलं व्हतं हातात. आन ह्यो आठ वरसाचा, हितं पायापाशी खेळत व्हता. म्हनलं, टांगलं तर ह्यालाच घेतंय. न्हाई टांगलं. नुसती वरडत ऱ्हायले. अकरा जनं कशीबशी निघाली. तिघं न्हाई निघाली." वाटी त्यांनी खाली ठेवली. "मागनं टांगलंच की मग. खऱ्याचं."

चौथ्या दिवशी मी जाळं घेराकडून धरलं तेव्हा त्यांचे हात का थरथरले, ते मला तेव्हा समजलं. मी त्यांना जवळ घेतलं. त्या रडल्या, खूप वेळ रडल्या. आणि रडून झाल्यावर, सांगायला हरकत नाही, रोजच्यापेक्षा दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढचं वर्ष आम्ही दोघींनी कसं काढलं ते आमचं आम्हाला ठाऊक. तात्या म्हणाले होते की चुकीचं जाळं मोजत नाहीत, पण चूक नव्हती हे आम्हाला माहीत होतं. मालकांना साधी शिंक आली तरी आम्ही एकमेकींकडे बघायचो. त्या मला आडावर जाऊ देत नव्हत्या आणि मी त्यांना माळ्यावर चढू देत नव्हते. पौषात मुलगी झाली, ठणठणीत. तरी आत्याबाई रात्री दोन-दोनदा उठून तिच्या नाकापाशी बोट धरायच्या. वाहून गेलेल्या जाळ्यांच्या जागी वाड्यात घरोघर नवी विणायला घेतली होती, तेव्हा माझ्याही हातात पहिल्यांदा सुई आली आणि मी विणायला शिकले. पुन्हा भाद्रपद आला, गौरी गेल्या, पाचवा दिवस उजाडला आणि घरात चारही माणसं जागच्या जागी होती. आत्याबाईंनी ओलं जाळं उचललं आणि माझ्यापुढं धरलं.

"घे. टांग."

"शेंडा वर?" मी विचारलं.

त्या हसल्या. त्यांना तसं हसताना मी आधी बघितलं नव्हतं.

वाड्यानं मात्र मला सोडलं नाही. त्या दिवसापासून माझं नाव पडलं ते उलटी केसर. वाळवण घातलं, की कोणीतरी विचारणार, बाई, पापड सुलटे घातलेस ना? जत्रेत पाव्हण्यांना माझी ओळख करून द्यायची तर हीच गोष्ट, की हिच्या चुकीनं चौदा जण वाचले. मी ऐकून घ्यायची. आत्याबाईंनी दिलेला शब्द होता, तो मोडायचा कसा? मालक त्या हातातून गेलेल्या माशाची गोष्ट सांगायचे आणि मासा दर वर्षी वीतभर वाढायचा.

आत्याबाई गेल्या तेव्हा माझ्या मुलीचीही मुलं शाळेत जात होती. पिकून, नातवंडं-पतवंडं बघून, सकाळचा चहा पिऊन गेल्या. नदीवर सात-आठ होड्या होत्या. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, पण फोन कोणी लावला नाही. मालकांना उठवेना, म्हणून मीच बाहेर आले. जाळं काढलं, घेर वर घेतला. या वेळी तो एकदाही घसरला नाही.

होड्या मुकाट्यानं काठाला आल्या. सगळ्यांत पुढं दगडू होता, सोपानतात्यांचा मुलगा. त्या दिवशी खडकावर तोही होता, आता त्याच्याच मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढला, आत जाऊन आत्याबाईंच्या पायावर डोकं ठेवून आला आणि खांबाकडे बघत माझ्याजवळ उभा राहिला.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "ह्या बारीला बरुबर टांगलंय न्हवं?"

डोळे भरलेले असताना मला हसू आलं. आणि का कोण जाणे, वाटलं, आता शब्द पाळून घेणारी माणसं राहिली नाहीत, सांगून टाकावं.

"दगडूभावजी, तवाबी चुकून न्हवतं," मी म्हणाले. "मी मुद्दाम टांगलं व्हतं."

मला वाटलं तो दचकेल. त्यानं रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला.

"ठावं हाय की. समद्या वाड्याला ठावं हाय. आमच्या तात्यानं त्याच राती घरोघर जाऊन सांगितलं व्हतं, ठकूबाई चूक म्हनली, आपुन बी चूकच म्हनायचं." मग त्यानं रुमालाचं टोक खोचलं. "ती सुंभाची दोरी अजून हाय आमच्या घरात. चुकून कोन तीन गाठी मारतंय, वैनी?"